त्याच आडनावाचा माणूस

बाबा,

तुमच्या साहेबांना मी नाही म्हणून कळवलं. धाकटा त्यांच्या देशात, ॲबर्डीनला, शिकायला जातो आहे, पण तो त्यांच्याकडे राहणार नाही. त्यांच्या घरातली वरची खोली आम्हाला नको, असं मी फोनवर सांगितलं. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. हा शब्द तुमचा होता. ‘मुलगा शिकायला तिकडे आला तर माझ्याच घरी राहील’ असं ते म्हणाले आणि तुम्ही ‘नक्की’ म्हणून त्यांचा हात दोन्ही हातांत धरलात, तेव्हा मी त्याच टेबलाच्या टोकाला भूमितीची आकृती काढत बसले होते. धाकटा तेव्हा नीट चालतही नव्हता. तुम्ही हसत होतात, साहेब हसत होते, आणि मला वाटलं होतं की मोठी माणसं कशावरही हात मिळवतात. आता तुम्ही नाही, म्हणून तो शब्द पाळायचा की मोडायचा हे माझ्याकडे आलं. मी मोडला. का मोडला ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्या टेबलावर जे बोललं गेलं ते ध्यानात ठेवणारे माझ्याशिवाय तुम्हीच होतात.

कुवेतमधल्या, सालमियातल्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर इतकं अरुंद होतं की फ्रीज उघडायचा तर आईला ओट्यापासून बाजूला व्हावं लागायचं. शुक्रवारी सकाळी तुम्ही शर्कच्या मासळी बाजारातून झुबैदी आणायचात. पापलेटला इथे झुबैदी म्हणतात हे साहेबांना तुम्ही शिकवलंत, आणि झुबैदीला खरं तर पापलेटच म्हणतात हे आईने. दुपारी ते यायचे, बूट दाराबाहेर काढून, हातात खजुराचा डबा. ते पाण्याच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट विभागाचे प्रमुख, तुम्ही त्यांच्या हाताखालचे टेक्निशियन. पण आमच्या घरी तुमच्या दोघांत एवढाच फरक असायचा की त्यांना माशाचे काटे काढता यायचे नाहीत. आई त्यांच्या पानातला मासा सोडवून द्यायची. “हळू, साहेब. काटा घशात अडकला तर आख्ख्या कुवेतला पाणी कोण देणार?” हे ती मराठीतच म्हणायची आणि ते गंभीरपणे मान डोलवायचे. तुमचा दोघांचा आवडता विनोद कफीलवरचा होता. इथे राहायचं तर इथल्या कुणीतरी तुमची जबाबदारी घ्यावी लागते, तो कफील. तो म्हणेल तोवर तुम्ही इथले. साहेब म्हणायचे, “आमच्याकडे राणी आहे, तुमच्याकडे पंतप्रधान, पण शेवटी आपण दोघं एकाच कफीलची प्रजा.” आणि सोलकढीचा पेला पुन्हा पुढे करायचे.

जेवण झालं की गोष्टी. तुम्ही किल्ल्यांच्या सांगायचात, ते त्यांच्या डोंगरांच्या. शाळेच्या पुस्तकातली कोळ्याची गोष्ट, पुन्हा पुन्हा जाळं विणणारा कोळी बघून हिंमत बांधणाऱ्या हरलेल्या राजाची, ती इंग्रजांची नव्हे, त्यांच्या देशाची आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं. वर त्यांनी हेही सांगितलं की कोळी बहुधा नव्हताच, कुणीतरी नंतर घातला. त्यांची हीच तऱ्हा मला आवडायची. ते आधी रंगवून सांगायचे आणि मग स्वतःच रंग खरवडायचे. आम्ही कुवेत सोडताना त्यांनी आईला जी चौकड्यांची लोकरी शाल दिली ती देतानाही म्हणाले होते, “हे आमच्या घराण्याचे चौकडे. म्हणजे दुकानदार तसं सांगतो. खरं तर घराण्यागणिक वेगळे चौकडे ही बरीच नंतरची टूम.” पण ते पुढचं झालं. तुम्ही तेव्हा नव्हतात.

मला सांगायचं आहे ते त्या एका शुक्रवारचं. साहेब त्यांच्या खापरपणजीची गोष्ट सांगत आहेत. उत्तरेकडच्या एका खोऱ्यात तिचं घर आहे. जमिनीच्या मालकाला मेंढ्या पाळायच्या आहेत, मेंढ्यांना माणसांपेक्षा जास्त भाव आहे, म्हणून खोरं रिकामं करायचं ठरतं. माणसं येतात, छपरांना आग लावतात, म्हणजे कुणी परत येऊ नये. तिची आजी खाटेवरून उठू शकत नाही, तिला खाटेसकट उचलून बाहेर गवतावर ठेवतात. साहेबांचा आवाज खाली जातो. आई ओट्यापाशी थांबते. तिला इंग्रजी फारसं कळत नाही, पण खाट कळते. आणि तुम्ही, कधी कुणाच्या गोष्टीत मध्ये न बोलणारे, विचारता, “पण साहेब, त्यांना काढलं कुणी? इंग्रजांनी?” ते खजुराची बी बशीत ठेवतात. मग म्हणतात, “नाही. आमच्याच सरदाराने. त्याचं आडनाव आमचंच होतं. ज्याच्यासाठी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लढलो, तोच तो माणूस.” तुम्ही विचारता, मग ते लोक कुठे गेले. ते म्हणतात, “जहाजाने कॅनडाला. तिथे आधी कोण राहत होतं, ते आमच्या गोष्टीत येत नाही.” तुम्ही हळूच हसता. मी अकरा वर्षांची आहे, आणि मला पहिल्यांदा वाटतं की हा माणूस खरं बोलतो.

त्याच वर्षी कधीतरी तुम्ही प्लांटमधून टाकून दिलेला एक प्रेशर गेज घरी आणलात. मी विचारलं, पाइपला जोडलेला नाही तरी काटा वर कसा? तुम्ही काच काढून आतली वाकडी नळी दाखवलीत. तिने कधीतरी पेलवेल त्याहून जास्त दाब खाल्ला, आता ती मूळच्या वळणावर परत येणार नाही, म्हणून दाब नसतानाही ती दाब दाखवते. “म्हणून कुठल्याही गेजचं ऐकण्याआधी त्याला लाइनवरून तोडायचं आणि शून्य बघायचं, काटा शून्यावर येतो की नाही. आपल्या लाडक्या गेजचं आधी.” मी आज हॉस्पिटलमध्ये मॉनिटर आणि सिरिंज पंप तपासते, तेव्हा तेच करते. मला माझ्या कामातून माणसांविषयी निष्कर्ष काढायला आवडत नाही. माणूस म्हणजे नळी नव्हे. पण हे आठवलं, एवढं सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. साहेब तेव्हा इथेच होते. शवागाराच्या दारात ते आईच्या शेजारी उभे राहिले, कागदांसाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेले, अरबीत भांडले, आणि विमानाची वेळ होईपर्यंत बसले नाहीत. तुमच्याबरोबर आमचा इकामाही, इथे राहायचा परवाना, संपला. आम्ही तिघं रत्नागिरीला गेलो. मी शिकले आणि कुवेतला परत आले, या वेळी इकामा माझ्या नावावर. हवल्लीत एका खोलीचं घर आहे. मी जन्मले इथेच, आणि इथली कधी होणार नाही, हे मला इतकं लहानपणापासून माहीत आहे की त्याचं वाईट वाटायला कधी वेळच मिळाला नाही. साहेब निवृत्त होऊन त्यांच्या गावी गेले. त्यांची बायको वारली, ते त्यांनी दोन ओळींत कळवलं. नाताळला फोन, उन्हाळ्यात गुलाबांचे फोटो.

या वर्षी धाकट्याला ॲबर्डीनमध्ये प्रवेश मिळाला. साहेबांचं गाव तिथून बसच्या अंतरावर. त्यांना कळवलं तर त्यांनी लगेच वरच्या खोलीचा फोटो पाठवला. टेबल खिडकीपाशी सरकवलेलं, नवा दिवा. आई फोनवर रडली. “बघ, माणूस गेला तरी शब्द राहतो.” आणि पुढच्याच आठवड्यात, गुलाबांचे फोटो पाठवतात त्याच सहजपणे, त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तुझा म्हातारा अंकल भाषण करतो, बघ.’

एका हॉटेलच्या बाहेरची गाड्या लावायची जागा. त्या हॉटेलात सरकारने आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांना ठेवलेलं आहे. बाहेर गर्दी, निळे झेंडे, त्यावर पांढरी फुली. चेहऱ्याला निळा रंग फासलेला एक तरुण आधी बोलतो. आपल्या वाडवडिलांनी याहून मोठी सेना परत पाठवली होती, मग हे हॉटेल काय चीज आहे. ही जमीन आपल्या रक्ताची आहे, असं बरंच. निळा रंग फासणारे लोक त्या लढाईच्या कितीतरी शतकं आधीचे, हे मला साहेबांनीच सांगितलं होतं. मग तो तरुण साहेबांचा हात धरून त्यांना वर आणतो. त्यांच्या खांद्यावर चौकड्यांचं कापड आहे. ते खोऱ्याची गोष्ट सांगतात. मेंढ्या, आग, गवतावरची खाट. आवाज त्याच ठिकाणी खाली जातो. आणि मग म्हणतात, “एकदा आम्हाला आमच्या घरातून काढलं. आता पुन्हा काढताहेत. त्या वेळी मेंढ्या आणल्या, या वेळी माणसं.” लोक ओरडतात. गोष्ट तिथे संपते. मी तो भाग पुन्हा लावून बघितला. आडनाव नव्हतं. कॅनडाही नव्हता. त्यांच्या मागे हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एका पडद्याचा कोपरा उचललेला दिसतो, आणि पडदा धरलेली बोटं.

मी लगेच काही केलं नाही. शुक्रवारपर्यंत थांबले आणि सुटीच्या दुपारी फोन लावला. तिकडे सकाळ होती. ते किटली ठेवत होते, तिचा आवाज येत होता.

“पाहिलंस का, लास?” त्यांच्याकडे पोरीला असंच म्हणतात, ते मला अजून तेच म्हणतात.

“पाहिला. अंकल, तुम्ही आडनाव नाही सांगितलंत.”

“कुठलं आडनाव?”

“ज्याने खोरं रिकामं केलं त्याचं. तुम्ही आमच्या घरी सांगितलं होतंत. बाबांनी विचारलं होतं.”

किटली थांबली. “तुझ्या वडिलांच्या लक्षात होतं हे?”

“माझ्या लक्षात आहे.”

त्यांनी कपात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “आपल्याच माणसाने काढलं हे ऐकायला कुणी थंडीत उभं राहत नाही गं.” हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, जुन्या सहकाऱ्याला कामातली अडचण सांगावी तसं म्हटलं. मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. गावातला मासळीचा कारखाना बंद पडला. डॉक्टरची वेळ मिळायला महिने जातात. त्या हॉटेलात त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं, आता त्यांना फाटकाच्या आत जाता येत नाही. आणि ही पोरं रविवारी गाडी घेऊन येतात, त्यांना नेतात, आणतात. “ती ऐकतात गं. माझी नातवंडं फोनमधून डोकं वर काढत नाहीत.” मी ऐकून घेतलं. यातलं काहीच खोटं नसावं.

मी म्हटलं, “माझा भाऊ तुमच्याकडे राहिला आणि ती पोरं रविवारी आली, तर?”

ते हसले. “त्याला काय होतंय? तो वेगळा. तो तुझ्या वडिलांचा मुलगा. कुणी विचारलं तर मी सांगेन, हा माझ्याबरोबर आहे.”

बाबा, तोपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं, हे खरं. या वाक्यावर ठरलं. मी म्हटलं, “म्हणजे तुम्ही त्याचे कफील होणार.”

त्यांना विनोद वाटला. ते मोकळेपणाने हसले, सालमियात हसायचे तसे, आणि मग त्यांना मी हसत नाही हे कळलं. मी म्हटलं, “अंकल, मी इथे कफीलखाली राहते. बाबा राहिले, तुम्हीही राहिलात. ते कागदावरचं असतं, ते मी समजू शकते. पण सकाळी चहा करायला खाली उतरताना माझ्या भावाला कुणाची हमी लागावी, असं मला नको आहे.” ते म्हणाले, “मी तुम्हा लोकांविषयी बोललोच नव्हतो.” मी म्हटलं, “माहीत आहे.” मग मी खोलीचं सांगितलं. त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं, आईची तब्येत विचारली, आणि फोन ठेवला.

आईला मी सगळं सांगितलं, व्हिडिओ दाखवला नाही. तुमच्या शब्दाचं काय, असं ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, “शब्द तुझ्या बाबांचा होता. पोरगा माझा आहे.” आणि लोणच्याची बरणी घट्ट बंद होत नाही, त्यावर बोलू लागली.

धाकटा मात्र चिडला. त्याला तुम्ही जेमतेम आठवता, साहेब त्याहून कमी, पण खोली फुकट होती आणि दिवा नवा होता. “ताई, ही इज जस्ट ॲन ओल्ड मॅन,” तो म्हणाला. “आणि तू कुणाला शिकवतेस? काका घरच्या ग्रुपवर काय काय टाकतात ते तू वाचतेसच ना?”

“वाचते.”

“कोकण कोकणी माणसाचं, बाहेरच्यांना हाकला. आणि त्यांच्या आंब्याच्या बागेची राखण कोण करतं? नेपाळहून आलेलं जोडपं. दरवर्षी मे महिन्यात आपण तिथेच जाऊन आंबे खातो. तिथे नाही तुझा आवाज निघत? साहेब परके म्हणून सोपे गेले तुला.”

मी म्हटलं, काकांच्या घरी तुला कुणाची हमी लागत नाही. तो म्हणाला, “हां, कारण आडनाव तेच आहे.” त्याला त्या शुक्रवारची गोष्ट माहीत नव्हती. तो सहज बोलून गेला. मी त्याला सामानाच्या यादीचं विचारलं आणि फोन ठेवला.

कारण मला दुसरा एक शुक्रवार आठवला, आणि तो मी एरवी आठवत नाही. मी तेरा वर्षांची असेन. तुम्ही वर्तमानपत्र घेऊन बसला आहात. मुंबईत बाहेरून आलेल्या टॅक्सीवाल्यांना कुणीतरी मारलं आहे. तुम्ही म्हणता, “बरं झालं. एकदा बसली की समजतं.” तुमच्यासारख्या शांत माणसाच्या तोंडी ते वाक्य इतकं सहज येतं की आई वरणाची पळी खाली ठेवत नाही. मी विचारते, “बाबा, मग आपण इथे कोण?” तुम्ही वर्तमानपत्र घडी करता. “आपण कुणाचं काही घेतलं नाही. कागदावर आलो, कागदावर जाऊ. आणि पानावर बसून मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही.” तुम्ही मला साहेबांसमोर कधी रागावला नव्हतात. साहेबांना मराठी कळत नाही, ते विचारतात काय झालं, तुम्ही नाइलाजाने सांगता. तेव्हा ते माझ्याकडे बोट करून म्हणतात, “या गेजचं शून्य बरोबर आहे.” तुम्ही हसता, पण विषय बदलता. मी तेव्हापासून त्यांना आपलं माणूस मानत आले. तुम्हाला तर मानत होतेच. तुमचं शून्य मी त्या दिवसानंतर कधी बघितलं नाही, आणि आता लाइनवरून तोडून बघायला तुम्ही नाही आहात. मी तुमच्यावर आरोप करत नाही. साहेबांना फोन केला तसा तुम्हाला केला असता का, एवढाच प्रश्न मला पडला, आणि मी त्याचं उत्तर देणं टाळते आहे, हे मला दिसतं आहे.

काकांना मात्र लिहिलं. ग्रुपवर नाही, त्यांना एकट्याला: बागेतल्या जोडप्याच्या मुलीच्या शाळेचं काय झालं, आणि तुम्ही टाकता ते तिने वाचलं तर काय वाटेल. त्यांनी उलट लिहिलं, ‘तू परदेशात राहून आम्हाला शिकवू नकोस.’ खाली नमस्काराचे हात. मे महिन्याचं आमंत्रण अजून आलेलं नाही. मी वाट बघत नाही असं आईला सांगितलं आहे.

धाकट्याला कॉलेजच्या वसतिगृहात खोली मिळाली. खिडकी आतल्या भिंतीवर उघडते, असं फोटो बघून म्हणतो. साहेबांचा एकच निरोप आला: ‘दिवा तसाच ठेवला आहे. कधी जेवायला तरी पाठव.’ मी धाकट्याला तो पुढे पाठवला. जायचं की नाही ते तू ठरव म्हटलं. तो म्हणाला जाईन, रविवारी नाही. आई सामान भरते आहे. त्यात आमसुलांची एक वेगळी पुडी आहे, कुणासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काल तिने फोनवर विचारलं, “ती साहेबांची शाल तुझ्याकडेच ना? कुरिअर कर. तिकडे गारठा असतो, पोराला होईल.” मी म्हटलं, बघितली, सापडत नाही. स्वतःला मी असं समजावलं की त्या गावात त्या खांद्यावर ते चौकडे बघून कुणी नको ते विचारायला नको. हे कारण चांगलं आहे, पण खरं नाही. आज शुक्रवार आहे, दुपार आहे, एसी वाजवीपेक्षा थंड आहे, आणि शाल माझ्या पायांवर आहे. ती मला द्यायची नव्हती.